बाबांची प्रगणना

१२ एप्रिल २००८, शनिवार. रक्कम एकशे एकोणचाळीस पौंड, पोस्टाचा खर्च धरून. हजर: मी, माझी बायको आणि दोन आठवड्यांपूर्वी नागपूरहून आलेले माझे वडील. जागा: बेसिंगस्टोकमधल्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल. त्या रकमेत आलेली वस्तू मी खोक्यातून काढून बाबांसमोर ठेवली. शाळेच्या डब्याएवढी हिरवट पेटी, पुढे भिंग, मागे झाडाला बांधायचा पट्टा. समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा.

"माणूस लागत नाही?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"रात्रीसुद्धा?"

"रात्रीसुद्धा."

"मग रात्रीचा भत्ता कोणाला देतात?"

बायको हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी पेटी डोळ्यांजवळ नेली, उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "इथला उजेड फारच फिका आहे. अक्षर दिसत नाही नीट."

बाबा वनखात्यात होते, पण रानात नव्हते. हे मी नेहमी सांगतो, कारण ऐकणाऱ्याला लगेच खाकी कपडे आणि वाघ दिसायला लागतात. बाबा बाबू होते. एकतीस वर्षं एका टेबलाशी, एका पंख्याखाली. दर वर्षी बुद्धपौर्णिमेच्या रात्री खात्याची माणसं पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसत, चंद्राच्या उजेडात पाण्यावर येणारी जनावरं मोजत आणि सकाळी कागद ऑफिसात पाठवत. त्या कागदांची बेरीज बाबा करत. चितळ, सांबर, भेकर, रानडुक्कर, अस्वल. नर, मादी, पिल्लू. एकतीस वर्षांत किती हजार हरणं त्यांच्या हाताखालून गेली असतील याचा हिशेब त्यांनाच ठाऊक. पण मचाणावर त्यांना कोणी कधी बसवलं नाही. दर वर्षी अर्ज करत. साहेब म्हणायचे, तुम्ही तिकडे बसलात तर सकाळी इकडे कोण बसणार?

ऑफिसात त्यांची ख्याती एका गोष्टीसाठी होती. रात्रभर जागून ज्याला काहीच दिसलं नाही, तो गार्ड कागद कोरा पाठवायचा. बाबा तो कागद परत पाठवायचे. "शून्य लिहा," असा शेरा मारून. रिकाम्या रकान्याचा अर्थ माणूस झोपला होता असाही होतो आणि जनावर आलं नाही असाही होतो. शून्याचा अर्थ एकच. माझी आकड्यांची सवय तिथूनच आली. मी कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो, म्हणजे लोकांचे कोरे कागद परत पाठवण्याचंच.

आमच्या घरामागे कुंपण, कुंपणामागे पायवाट आणि पायवाटेपलीकडे कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मालकीचं रान आहे. ओक, बर्च आणि खाली गुडघाभर वाढणारं नेचं. तिथे रो जातीची हरणं आहेत, आपल्या भेकरापेक्षा थोडी उंच. आल्यापासून बाबा रोज सकाळी खिडकीशी उभे राहायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "माझ्या हातची एक नोंद नाही रे. सगळ्या दुसऱ्यांच्या उतरवल्या." एवढंच. मग बिस्किट चहात बुडवलं आणि ते तुटून कपात पडलं. मी त्याच रात्री कॅमेरा मागवला. त्यांचा व्हिसा सहा महिन्यांचा होता आणि परतीचं तिकीट २० सप्टेंबरचं.

रविवारी सकाळी आम्ही रानात गेलो. पायवाटेपासून तीस पावलांवर एक जाड ओक निवडला आणि कमरेच्या उंचीवर कॅमेरा बांधला. मी वळलो तर बाबा खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढत होते. आत खडेमीठ, चुरलेला गूळ आणि गव्हाचा कोंडा. मीठ आणि गूळ आदल्या आठवड्यात स्लाऊच्या भारतीय दुकानातून आणला होता, माझ्याचबरोबर. मला वाटलं होतं लोणच्यासाठी.

"हे काय?"

"चाटण. जनावराला मीठ लागतं. खातं ठेवतं दर वर्षी."

"कुठे ठेवतं?"

बाबा थांबले. "रानात," ते म्हणाले.

त्यांनी एकतीस वर्षं चाटणाच्या मिठाची बिलं पास केली होती. किती पोती, काय भाव, कोणत्या बैलगाडीचं भाडं, सगळं तोंडपाठ. ते पोतं पुढे कुठे रिकामं होतं, वाटेपासून किती आत, कोणत्या महिन्यात, हे बिलावर लिहिलेलं नसतं. म्हणून त्यांनी ते ओकाच्या मुळाशी, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर ओतलं आणि हात झटकले. पुढे दर तीन दिवसांनी ते भर घालत राहिले.

माझी चूक मोठी आहे, ती इथेच लिहितो. रानाच्या मुख्य फाटकाजवळ नियमांची पाटी आहे. ती मी वाचली होती. शेकोटी नको, मोटरसायकल नको, धातू शोधायची यंत्रं नकोत, कुत्र्याची घाण उचला. मिठाबद्दल किंवा कॅमेऱ्याबद्दल त्यात काही नव्हतं. पण पाटीच्या तळाला बारीक अक्षरात होतं की संपूर्ण नियम कौन्सिलच्या ऑफिसात पाहायला मिळतील. मी तिथे फोन केला नाही. विचारलं तर नाही म्हणतील, ही शंका होती. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला चांगलं सुनावलं असतं.

दोन आठवड्यांनी कार्ड काढून आणलं आणि कॉम्प्युटरला लावलं. एकूण फोटो दोनशे बारा. बाबांनी वही घेतली, मी सांगत गेलो. कुत्री एकशे सत्तेचाळीस. माणसं अडतीस. खारी एकोणीस. कोल्हा सहा वेळा. नुसती हललेली फांदी दोन. बेरीज जुळली. हरीण शून्य. ते शून्य बाबांनी स्वतः काढलं, गोल आणि सावकाश.

बायको मागून डोकावली. "बाबा, हे चाटण कुत्र्यांना फार आवडलेलं दिसतंय."

"इकडची कुत्री हुशार असतात बेटा," बाबा म्हणाले. "शिकलेली."

पुढच्या शनिवारी गेलो तर झाडावर कॅमेरा नव्हता. मुळाशी मीठही नव्हतं, जमीन खरवडून साफ केली होती. ओकाला एक प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला कागद बांधला होता. ही पेटी ज्यांची असेल त्यांनी रानाच्या रेंजरशी संपर्क साधावा. खाली फोन नंबर.

बाबांनी तो कागद वाचायला मागितला आणि नाकाजवळ धरून वाचला. घरी आल्यावर म्हणाले, "एकतीस वर्षांत मला एक मेमो नाही मिळाला. इथे पाच आठवड्यांत मिळाला." मग त्यांनी माझ्याकडून कोरे कागद घेतले आणि दुपारभर बसून इंग्रजीत खुलासा लिहिला. विषय, संदर्भ, मग क्रमांक घालून सहा मुद्दे. शेवटी, घडलेल्या प्रकारास मुलगा जबाबदार नसून अर्जदार स्वतः जबाबदार आहे. मी म्हणालो, बाबा, इथे असं लिहीत नाहीत. ते म्हणाले, "लिहून राहिलो ना मी. तू सही कर, साक्षीदार म्हणून."

मंगळवारी संध्याकाळी रेंजर स्वतःच घरी आली. पन्नाशीची बाई, पायात चिखलाचे बूट, ते तिने दाराबाहेर काढले. हातातल्या सुपरमार्केटच्या पिशवीत आमचा कॅमेरा. बाबा तिला पाहून उभे राहिले आणि उभेच राहिले.

"मीठ कोणी टाकलं?" तिने विचारलं.

"मी," बाबा म्हणाले. मग लगेच, "कुठल्या जनावराला काही झालं का?"

"एका लॅब्रडॉरने खाल्लं. दोन दिवस ओकत होता. आता बरा आहे. सोफा बरा नाही." ती थोडं हसली. बाबा हसले नाहीत म्हणून तिने हसू आवरलं आणि नीट समजावून सांगितलं. या रानात जनावरांना बोलावण्यासाठी काहीही ठेवायचं नाही. मीठ नाही, गूळ नाही, सफरचंद नाही, वास नाही. एक तर कुत्री खातात. दुसरं, हरणं एका जागी जमायला लागली की एकाचा रोग सगळ्यांना लागतो आणि पलीकडचा रस्ता ओलांडताना गाडीखाली येतात. तिसरं, असं चाटण दिसलं की तिला आधी चोरून शिकार करणाऱ्यांचाच संशय येतो. कॅमेऱ्याला मनाई नाही, पण कौन्सिलची लेखी परवानगी हवी. वाटेकडे तोंड नको. लोकांना कळेल अशी पाटी हवी. आणि जी माणसं फोटोत आली ती पुसायची.

"आत्ता पुसतो," मी म्हणालो आणि कॉम्प्युटर सुरू केला. अडतीस माणसं, ती पाहत असताना, एक एक करून मी पुसली. हात धरून चाललेलं एक म्हातारं जोडपं होतं, ते तेवढं राहावं असं वाटलं. तेही पुसलं. बाबांनी वहीत नवा तक्ता आखला: नष्ट केलेल्या नोंदी, संख्या, कारण, कोणासमक्ष. रेंजरला सही करायला सांगितली. तिने केली. मग बाबांनी खुलासा दिला. तो तिने पूर्ण वाचला, सहाही मुद्दे. घडी घालून खिशात ठेवला आणि मला विचारलं, "तुमचे वडील काय काम करायचे?"

मी सांगितलं. मचाणाचंही सांगितलं, साहेब काय म्हणायचे तेही. बाबा माझ्याकडे रागाने पाहत होते.

ती म्हणाली, "कॅमेऱ्याच्या अर्जाला वेळ लागेल, दोन महिने तरी. पण १८ मेला पहाटे आम्ही हरणं मोजतो. माणसं कमी आहेत. तुम्ही दोघं बसाल का?"

मी बाबांना मराठीत सांगायला वळलो. गरज नव्हती. त्यांना कळलं होतं. त्यांनी खाली बसून पायातले मोजे वर ओढले, जसं काही आत्ताच निघायचं आहे.

ते बारा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. नियमांचा कागद आला तो बाबांनी भिंग घेऊन वाचला. एक माणूस, एक कागद. जे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल तेवढंच लिहायचं. बोलायचं नाही, एकमेकांच्या कागदात पाहायचं नाही. दोघांनी एकच जनावर लिहिलं तर ते रेंजर जुळवेल. कपडे मळकट रंगाचे, अंगाला वास नको. बाबा रोज गुडघ्यांना बाम चोळत. दोन दिवस आधी त्यांनी तो बंद केला. जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरत, पण बाम लावला नाही.

एकदा भाकरीवर ठेचा वाढताना बायको मला हळूच म्हणाली, "बाबांनी काल पाणी पेल्याच्या बाहेर ओतलं. दोनदा." मी म्हणालो, इथे उजेड फिका आहे. बाबांचंच वाक्य मी म्हटलं, आणि त्या वेळी ते मला पटलेलं होतं.

त्या वर्षीची बुद्धपौर्णिमा २० मेला होती. आम्ही त्याच्या दोन दिवस आधी बसलो. पावणेपाचला रेंजरने आम्हाला रानाच्या उत्तर टोकाला सोडलं, एका मोकळ्या जागेच्या कडेला. दोन घडीच्या खुर्च्या, पाच पावलांच्या अंतराने. बाबांच्या अंगावर माझा जुना कोट, डोक्यावर कानटोपी, मांडीवर पाट आणि पाटावर कागद. पेन्सिल दोऱ्याने पाटाला बांधली होती; मचाणावरून पडू नये म्हणून गार्ड अशी बांधतात, हे त्यांनी ऐकलं होतं. पक्षी इतके बोलत होते की शांतता अशी नव्हतीच. उजेड पानांच्या मागून आला, आधी राखाडी, मग हिरवा.

पाच वाजून वीस मिनिटांनी डावीकडून एकदाच भुंकल्यासारखा आवाज आला. मला वाटलं कुत्रा. बाबांची पाठ ताठ झाली. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

साधारण अर्ध्या तासाने समोरच्या नेच्यातून दोन हरणं बाहेर आली. पुढे मादी, मागे शिंगं असलेला नर. आमच्यापासून साठेक पावलं. उन्हाळी लाल अंगं, काळी नाकं. मादी गवत खात होती आणि नर उभा राहून आमच्या बाजूला बघत होता. मी बाबांकडे पाहिलं. ते समोरच पाहत होते. तरी मी हात लांब करून बोटाने दाखवलं. त्यांनी माझ्या बोटाच्या रेषेत पाहिलं आणि मान हलवली. मला इतकं बरं वाटलं की मी माझी नोंद लिहायला दोन मिनिटं उशीर केला. हरणं सात मिनिटं होती. मग गेली.

साडेसहाला वेळ संपल्याची शिट्टी झाली. मी उठून बाबांच्या कागदात पाहिलं. नर, शून्य. मादी, शून्य. पिल्लू, शून्य.

"बाबा, तुम्ही मान हलवली होती."

"तू दाखवून राहिला होता, म्हणून हलवली."

"दिसली नाहीत?"

"हिरवं दिसलं. हिरव्यात हिरवं."

समोर ऊन लख्ख पडलं होतं. उजेड फिका म्हणायची सोय राहिली नव्हती. मी त्यांच्या खुर्चीशी बसलो. "दोन होती, बाबा. एक नर, एक मादी. माझ्या कागदावर आहेत. तुम्हीही लिहा. रेंजर जुळवणारच आहे, बेरजेत काही फरक पडत नाही. कोण बघतंय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आता मला माहीत होतं की त्यांना माझा चेहराही धड दिसत नसणार.

"हेच विचारून राहिलो होतो मी लोकांना एकतीस वर्षं," ते म्हणाले. "खरंच पाहिलं का, म्हणून. आता मीच कसं लिहू?"

त्यांनी कागद माझ्या हातात दिला, तेव्हा शेवटच्या रकान्यात, शेऱ्याच्या जागी, त्यांचं बारीक इंग्रजी अक्षर दिसलं. ओळीवरून थोडं खाली घसरलेलं. पाच वीस. डावीकडून आवाज, एकदा. भेकरासारखा.

रेंजरने कागद गोळा करताना ते वाचलं आणि तिथेच थांबली. "हे रो हरणाचंच भुंकणं. माझ्याकडून सुटलं असतं," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "मोजणीत हे धरता येत नाही, फक्त दिसलेलं धरतात. पण खोडू नका." मी ते बाबांना सांगितलं. त्यांनी पाटाला बांधलेली पेन्सिल सोडली, दोरा बोटाभोवती गुंडाळला आणि खिशात ठेवला.

कॅमेऱ्याची परवानगी जुलैत आली, वीस पौंड फी घेऊन. आम्ही पाटी लावली, तोंड वाटेकडून फिरवलं, मीठ अर्थातच नाही. ऑगस्टमध्ये मादी आणि पाडस आलं, सकाळी सहा बाराला. बाबांनी पडद्याला नाक लावून तो फोटो बराच वेळ पाहिला. वहीत चढवायचा का, मी विचारलं. "चढव. पण कॅमेऱ्याच्या नावावर," ते म्हणाले.

मोतीबिंदूचं नाव मी काढलं की ते विषय बदलत. आईच्या आजारपणात दवाखान्यांवर खर्च झाला तेवढा पुरे, असं त्यांचं म्हणणं होतं. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. इथे करू म्हटलं तर व्हिजिटरला फुकट नाही, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलेलं होतं. २० सप्टेंबरला मी त्यांना विमानतळावर सोडलं. सुरक्षेच्या रांगेत ते पुढे गेले आणि मग वळून त्यांनी हात हलवला, माझ्या डावीकडे उभ्या असलेल्या एका भलत्याच माणसाला. त्या माणसानेही हलवला.

नोव्हेंबरमध्ये एका रविवारी त्यांचा फोन आला. ज्याच्याकडे ते राहतात त्या माझ्या भावाला न सांगता, एकटे रिक्षाने जाऊन ते दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरवून आले होते, आणि एक डोळा झालाही होता. आवाज तरुण वाटत होता. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर किती कपडे वाळत आहेत ते त्यांनी मला मोजून सांगितलं. सतरा. मग विचारलं, "त्या दिवशी कुठे उभी होती रे ती?"

मी सांगितलं. मोकळी जागा, पलीकडे वाकडा बर्च, बर्चच्या उजवीकडे नेचं, तिथून बाहेर आली. मादी पुढे. नर मागे, आपल्याकडे तोंड करून.

"साठ पावलं?"

"साठ."

"दिसली असती आता," बाबा म्हणाले.

पुढच्या मेमध्ये या, मी म्हणालो. ते हो म्हणाले. पुढच्या मेच्या आधी माझी नोकरी गेली, त्याच्या पुढच्या वर्षी भावाकडे लग्न निघालं आणि मग गुडघ्यांनी विमानाला नकार दिला. सगळी कारणं खरी आहेत. मी दर मेमध्ये त्याच जागी बसतो. रेंजरने दोन वर्षं दोन खुर्च्या मांडल्या, मग विचारून एक कमी केली. रविवारी फोनवर बाबा आकडा विचारतात, नर किती, मादी किती, आणि ऐकून घेतात. लिहीत नाहीत.

दुसरा डोळा २००८च्याच डिसेंबरात झाला होता. दोन्हींचे मिळून अठरा हजार रुपये. मी पाठवलेले पैसे त्यांनी परत केले. पूर्ण रक्कम बाबांनी आपल्या पेन्शनमधून, रोख, नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दिली आणि पावती मला पोस्टाने पाठवली. पावतीच्या मागे पेन्सिलीने एकच ओळ होती, सरळ, कुठेही न घसरलेली: जागा राखून ठेव.